नंबर नसलेली वाघीण

सांगलीच्या स्टेशन चौकात आता स्टेशन नाही. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगावे लागते, आणि सांगताना आपल्यालाच थोडे हसू येते. १९०७ मध्ये सांगली संस्थानाने मिरजेपासून पाच मैलांचा मीटर गेजचा फाटा गावात आणला. त्यानंतरची साठाहून अधिक वर्षे या गावाची हळद, गूळ आणि शेंग त्या फाट्यावरून बाहेर गेली. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, सांगलीचे स्टेशन आजच्या जागी गेले आणि जुन्या जागेवर नाव तेवढे उरले. आपल्या समाजातील ज्या घरांचा अडतीचा धंदा त्या काळापासूनचा आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ‘वॅगन लागली’, ‘बिल्टी सुटली’, ‘डेमरेज चढले’ हे शब्द अजूनही सहज येतात. मालट्रकने माल पाठवणाऱ्या पिढीला ते कळतात, पण त्यांचा भार जाणवत नाही.

मराठीने वॅगनचे ‘वाघीण’ केले, हे मला नेहमीच आवडत आले आहे. मूळ शब्दाशी तिचा संबंध केवळ कानाचा. तरीही रुळावर उभी असलेली ती तांबूस, धिप्पाड, दार उघडले की सगळे गिळून टाकणारी गाडी पाहिली की, नाव ठेवणाऱ्याने काही वावगे केले असे वाटत नाही.

गेली काही वर्षे मी अशा वाघिणी बनवतो. त्या तळहातावर मावतात. सातारच्या औद्योगिक वसाहतीत माझा भाचा पॅटर्नच्या कामात आहे. ओतकामासाठी जो नमुना आधी घडवावा लागतो, तो घडवणे हा त्याचा व्यवसाय. दिवसा तो पंपांच्या आणि गिअरबॉक्सच्या कवचांचे नमुने करतो आणि रात्री आगगाडीच्या डब्यांचे. लहानपणी त्याला पुण्याला कोथरूडमधील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय दाखवायला मीच नेले होते. भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुले केले. तेथे दिवस मावळतो, छोट्या गावात दिवे लागतात आणि गाड्या आपापल्या सिग्नलला थांबतात. सगळी मुले इंजिनांकडे पाहत होती. हा मात्र मालगाडीच्या मागे मागे काचेला नाक लावून फिरत होता. व्यापाऱ्याच्या घरचे मूल म्हणून मला त्याचे कौतुक वाटले होते.

त्याची पद्धत अशी. एखाद्या वाघिणीचा आराखडा मिळवायचा, त्यावरून संगणकावर आणि मग प्लॅस्टिकमध्ये नमुना करायचा, त्याभोवती सिलिकॉन रबर ओतून साचा तयार करायचा आणि त्या साच्यात रेझिन ओतायचे. हे रेझिन म्हणजे दोन वेगळे द्रव असतात. ते ठरलेल्या प्रमाणात तोलून एकत्र केले की काही मिनिटांतच घट्ट होतात. रिखव्यात चहा ढवळावा तेवढ्याच निवांतपणाने ते ढवळायचे, कारण घाईने ढवळले तर हवेचे बुडबुडे शिरतात आणि वाघिणीच्या भिंतीला देवीच्या वणांसारखी भोके पडतात. घट्ट होताना रेझिन किंचित आकसते, म्हणून नमुना मुळातच किंचित मोठा ठेवावा लागतो. भाचा याला कारखान्याच्या भाषेत ‘श्रिंकेज’ म्हणतो. मी त्याला सांगितले, आपल्याकडे याला घट म्हणतात, आणि ती भावात आधीच धरलेली असते.

पावसाळ्यात हे काम बंद. सातारच्या ओल्या हवेत त्या द्रवांना पाण्याचा अंश लागला की रेझिन फसफसते आणि पावासारखे फुगते. त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओतकाम नाही. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, चारचौघांत सांगते की आमच्या मुलाच्या वाघिणीसुद्धा चातुर्मास पाळतात.

ओतलेले सुटे भाग तो डब्यात घालून सांगलीला पाठवतो आणि जोडणी माझ्याकडे असते. डबा उघडला की आत वाघीण नसतेच. दोन लांब भिंती, दोन आखूड भिंती, छत, तळाची चौकट, ब्रेकचे सांगाडे, स्प्रिंगा, बफर, असे पांढरट तुकडे असतात, आणि बहुतेकांच्या कडेला साच्याच्या फटीतून आलेला पापुद्रा असतो. प्रथम सगळे भाग साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवायचे. साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट लेप राहिला तर पुढे रंग धरत नाही. मग यादीशी ताडून मोजायचे. एखादी भिंत वाकडी आली असेल तर ती कडक पाण्यात क्षणभर बुडवून काचेवर सपाट दाबून धरायची. थंड झाली की सरळ राहते. पापुद्रे धारदार पात्याने काढायचे आणि कडा पाण्याच्या कागदावर ओल्याच घासायच्या. कोरडे घासल्यास जी बारीक भुकटी उडते ती फुफ्फुसांना वाईट, म्हणून ओले घासतानाही मी तोंडाला मास्क लावतो. हळदीच्या पॉलिशच्या ढोलाजवळ आयुष्य काढलेल्या माणसाला भुकटीचे भय वेगळे सांगावे लागत नाही.

खरी परीक्षा पहिल्या कोपऱ्याची. लांब आणि आखूड भिंत गुण्याला लावून काटकोनात धरायची आणि आतून फेव्हीक्विकचा एक थेंब सोडायचा. पहिला कोपरा केसभर चुकला तर चौथा मिळतच नाही, आणि छत बसवताना सगळे उघडे पडते. रोजकीर्दीतील पहिल्या पानावरची बाकी चुकीची ओढली तर वर्षअखेरीस जे होते, तेच येथे चार कोपऱ्यांत होते.

दांड्यांसाठी आणि पायऱ्यांसाठी तार लागते. सुईएवढ्या ड्रिलने, हातानेच फिरवून, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान छिद्रे पाडायची आणि त्यांत वाकवलेली तार बसवायची. तारेचा प्रश्न मिरजेने सोडवला. मिरज हे सतारमेकरांचे गाव. सतारी आणि तंबोरे देशभर जातात ते तेथून. सतारीची पोलादी तार फार ताठ, वाकवली तरी उसळी मारते. तंबोऱ्याच्या खर्जाची पितळी तार मऊ असते आणि जसे वळवू तसे ऐकते. एका कारागिराकडून उरलेले तुकडे मी घेऊन आलो. त्याने पैसे घेतले नाहीत. मात्र ही तार कशाला हवी हे ऐकल्यावर त्याने आपल्या मुलाला हाक मारून मला पुन्हा सगळे सांगायला लावले.

प्रमाणाबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्यात मिरजेची मोठी गंमत आहे. आमचे प्रमाण सत्त्याऐंशीस एक. म्हणजे खऱ्या गाडीवर सत्त्याऐंशी मिलिमीटर असेल ते येथे एक मिलिमीटर. मिरज हे देशातील अशा थोड्या स्टेशनांपैकी होते जेथे काही वर्षे तिन्ही गेज एकत्र नांदले: पुण्याकडून आलेले १,६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे जाणारे १,००० मिलिमीटरचे मीटर गेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे लातूरला जाणारे ७६२ मिलिमीटरचे अरुंद गेज. आमच्या प्रमाणात मीटर गेजला साडेअकरा मिलिमीटर लागतात आणि बाजारात बारा मिलिमीटरचा रूळ मिळतो. अरुंद गेजला पावणेनऊ लागतात आणि नऊचा मिळतो. हे चालण्यासारखे आहे. ब्रॉडगेजला मात्र सव्वाएकोणीस हवेत, आणि सर्रास मिळणारा रूळ साडेसोळाचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटरच्या मापाचा आहे. बहुतेक छांदिष्ट तोच वापरतात आणि त्यात गैर काही नाही. मला मात्र ती रुंद गाडी त्या अरुंद रुळावर पाहिली की पोत्यामागे पावणेतीन किलो कडता कापल्यासारखे वाटते.

अरुंद गेजची ती बार्शी लाइट रेल्वे हा एक स्वतंत्र विषय आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभारली. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत, १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज, अशी ती हळूहळू वाढली. कॅलथ्रॉपचे डोके व्यापाऱ्याचे होते, असे मी म्हणतो. दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी वापरून त्याने मालाच्या वाघिणींचा सांगाडा एकाच मापाचा, पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद ठेवला. रिकाम्या वाघिणीचे वजन कमी, म्हणजे त्याच इंजिनाच्या ताकदीत माल जास्त. बारदान हलके असावे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याने ते लोखंडात करून दाखवले. आमच्या प्रमाणात तो पंचवीस फुटांचा सांगाडा सत्त्याऐंशी मिलिमीटरांहून किंचित मोठा भरतो. माझ्या कपाटात त्या जातीच्या दोन वाघिणी आहेत.

याच मिरज-लातूर मार्गावर, तो ब्रॉडगेज झाल्यानंतर, एप्रिल २०१६ मध्ये पाण्याची गाडी धावली. कोट्याच्या रेल्वे कारखान्यात धुऊन स्वच्छ केलेल्या दहा टाक्यांच्या वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. १२ एप्रिलला ती लातूरला पोचली. पुढे पन्नास-पन्नास टाक्यांची गाडी जाऊ लागली. मिरज स्टेशनाबाहेर ती पाहायला गर्दी झाली होती आणि त्या गर्दीत मीही होतो. भाच्याने मला पहिल्यांदा जोडायला दिलेला संच त्याच टाकीच्या वाघिणीचा होता. टाकी अखंड ओतलेली असते, कोपरे जुळवावे लागत नाहीत, म्हणून नवशिक्याला ती बरी, असे त्याने सांगितले. खरे कारण हे, की ती गाडी पाहून घरी आल्यावर आठ दिवस मी दुसरे काही बोलत नव्हतो.

‘याचा उपयोग काय’, हा प्रश्न आपल्या घरांत टळत नाही. एका वाघिणीला साठ-सत्तर तास लागतात. सामानाचा खर्च फार नाही, पण तासांचा हिशेब मांडला तर ती कोणत्याही भावात परवडणार नाही. आमच्या सौभाग्यवतींनी सुरुवातीला हा हिशेब मांडून दाखवला होता. हल्ली त्या छताचा रंग वाळला का, हे मला न सांगता पाहून येतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्या पेढीची जुनी जागा गणपती पेठेत होती. २००५ च्या महापुरात पेठेत पाणी शिरले, हरिपूरच्या हळदीच्या पेवांची तर वाताहत झाली. पाणी ओसरल्यावर माझे चुलते आप्पा यांनी भिंतीवर त्या पाण्याची रेघ ओढून ठेवली आणि जुन्या वह्यांचे गाठोडे त्या रेघेच्या दीड फूट वर, फळीवर हलवले. पेठेत अनेकांनी असेच केले. आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे पाणी पाहून झाले आहे, असे सगळ्यांनाच वाटत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि ती रेघ पाण्याखाली किती खोल गेली हे मोजायला कोणी तेथे नव्हते. आठवडाभराने दुकान उघडले तेव्हा गाठोड्याचा एक ओला ठोकळा झाला होता. पाने सुटत नव्हती; सुटली तिथे शाई नव्हती.

त्यात आमच्या जावक वह्या होत्या. त्यांचे मोल बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून थोडे खुलासेवार लिहितो. वॅगन भरली की स्टेशनावर बिल्टी मिळे. ती बिल्टी हुंडीसोबत बँकेमार्फत परगावच्या व्यापाऱ्याकडे जाई; त्याने पैसे भरले की बिल्टी त्याच्या हाती येई, आणि ती रेल्वेला परत दिल्यावरच त्याला माल मिळे. म्हणजे ज्या कागदावर सगळा व्यवहार उभा, तो कागद व्यवहार पुरा होताच दोघांच्याही हातून जाई. मागे उरे ती फक्त जावक वहीतील एक ओळ: तारीख, बिल्टी क्रमांक, वॅगन क्रमांक, पोती, वजन. आमच्या घराने सांगली फाट्यावरून कोणकोणत्या वाघिणी भरल्या याचा जगातील एकमेव पुरावा त्या ओळी होत्या.

पूर ओसरल्यावर दिवाळीच्या सुमारास मी भाच्याला म्हणालो, आपण सांगली फाट्याची मीटर गेजची बंद वाघीण करू. आमच्या पेढीची हळद गेली तसली. तो लगेच तयार झाला. त्याने एक आराखडा मिळवला, नमुना केला, भाग ओतले, आणि मी जोडणी करून रंगाआधीची पांढरी वाघीण आप्पांपुढे ठेवली.

आप्पांचे वय तेव्हा पंचाऐंशीच्या पुढे. दोन्ही डोळ्यांनी अंधुकच दिसते. त्यांनी ती हातात घेऊन बोटांनी चाचपली. छत, कडा, चाके यांवरून बोट फिरवत ते दारापाशी थांबले.

“हे दार सरकतं केलंय व्हय?”

“होय आप्पा.”

“तसं नव्हतं. वरची दोन पानं बाहेर उघडायची, कपाटासारखी. आणि खालचं पान फलाटावर पडायचं. त्या पडलेल्या पानावरनं हमाल पोतं घेऊन आत जायचा. पान पडताना आवाज असा व्हायचा, की पेढीवर बसून कळायचं आमची वॅगन उघडली.”

पेढीवर बसून तो आवाज खरोखर ऐकू येत असेल का, याचा मी अंदाज केला. अंतर बरेच आहे. परंतु दाराबद्दल त्यांना शंका नव्हती. मी सातारला फोन लावला. भाच्याने शोध घेतला तेव्हा त्या काळच्या वाघिणीचे एक छायाचित्र त्याला मिळाले. वरची दोन पाने, खाली एक पडते पान. आराखडा बरोबर होता, पण तो दुसऱ्याच प्रकारच्या वाघिणीचा होता. साचा मोडीत निघाला, आणि मध्ये पावसाळा आल्यामुळे नवा होईपर्यंत पाच महिने गेले.

पाच महिन्यांत मी दर रविवारी आप्पांजवळ बसत असे. त्यांच्याकडून मिळालेला तपशील कोणत्याही आराखड्यात नाही. वॅगन लागली की प्रथम आत शिरून वास घ्यायचा. आधी खत किंवा घासलेट आले असेल तर हळद भरायची नाही, दुसरी मागायची. झाडून घेतल्यावर तळाशी जुन्या गोणपाटांचा थर घालायचा. थप्पी दारापासून दोन्ही टोकांकडे नाही, तर टोकांकडून दाराकडे लावत यायची, आणि दाराजवळ शेवटची पोती उभी. हमालाने आकडा पोत्याच्या कानाला लावायचा, पोटाला नाही. पोटाला लावला की पुण्याला मीटर गेजमधून ब्रॉडगेजमध्ये माल बदलताना तेथून गळती सुरू होते. पुण्याच्या त्या अदलाबदलीची धास्ती आप्पांच्या आवाजात अजून आहे. दार लावल्यावर कडीला तार ओवून शिशाचे सील, आणि शेजारच्या खाचेत गावाचे लेबल. वाघिणी कोणत्याही रेल्वेच्या येत. दक्षिण रेल्वेच्या, पश्चिमेच्या, कधी अशा की ज्यांवरील अक्षरे कोणाला लावता येत नसत. मीटर गेजच्या वाघिणी देशभर फिरत, आज सांगलीत तर पुढच्या महिन्यात राजस्थानात.

हे सर्व मी त्या दहा सेंटिमीटरहून लहान वाघिणीत घालण्याचा प्रयत्न केला. दार उघडे ठेवले, खालचे पान फलाटावर पाडले. आत गोणपाटाऐवजी रंगवलेला पातळ कागद आणि त्यावर एकेक सेंटिमीटरची पोती, टोकांकडून दाराकडे. उंबऱ्याशी सांडलेल्या हळदीसाठी खरी हळद वापरावी असे भाच्याचे म्हणणे होते. मी नको म्हणालो. हळद उजेडाला टिकत नाही, वर्षभरात पांढुरकी पडते. हळदीच्या व्यापाऱ्याच्या वाघिणीत रंगाची हळद टाकावी लागली, ही एक मौज.

राहिला नंबर.

वाघिणीच्या अंगावर रेल्वेचे नाव, क्रमांक, रिकामे वजन, भरता येईल ते वजन आणि पुढील तपासणीची तारीख अशी पांढरी अक्षरे असतात. ती पातळ पापुद्र्यावर छापून पाण्याने सोडवून चिकटवायची असतात. त्यांच्याशिवाय वाघीण अपुरी दिसते. हा छंद करणाऱ्या कोणालाही विचारा. भाच्याने अक्षरे छापून पाठवली, आणि त्यात त्या काळातील वाटावा असा एक पाच आकडी क्रमांक होता.

“हा कुठून आणलास?” मी विचारले.

“मामा, त्या मालिकेतला आहे. असा नंबर असू शकतो.”

“असू शकतो. पण आपल्या वहीत होता का?”

“वहीच नाही, तर कोण सांगणार? आणि कोण विचारणार?”

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आप्पांना विचारले तर ते म्हणाले, नंबर दिवाणजी बघायचे, मी माल बघायचो. दिवाणजी जाऊन तीस वर्षे झाली. भाच्याचा युक्तिवाद असा, की दार छायाचित्रावरून, पोती आठवणीवरून, रंग अंदाजावरून, मग नंबरच का अडवायचा? यावर माझ्याकडे पटण्यासारखे उत्तर होते असे नाही. मी एवढेच म्हणालो, की रंग थोडा उजळ निघाला तर तो रंगाचा फरक. पण नंबर हा एकाच वाघिणीचा असतो. तो घातला म्हणजे आपण लिहून देतो की आमचा माल हिच्यातून गेला. माल न पाहता आवक कोणी लिहिली तर आपण त्या दिवाणजीला ठेवू का?

त्यावर आम्ही दोघे महिनाभर फोनवर इतर विषय बोललो.

मग एका संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. त्याच्या वडिलांचे मूळ घर कोरेगावचे. तेथील माळ्यावर त्याला आजोबांची १९६२ सालची आवक वही सापडली होती. कोरेगाव त्याच पुणे-मिरज मार्गावरचे; पूर तेथपर्यंत पोचला नव्हता. शेंगदाणा पेंडीची एक पूर्ण वाघीण, बिल्टी क्रमांक, आणि त्याखाली सुबक अक्षरात वॅगन क्रमांक, रेल्वेच्या नावासकट.

“मामा, हा खरा आहे. आता घालू?”

मी वही पाहायला कोरेगावला गेलो. सांगली ते कोरेगाव हा प्रवास मी आजपर्यंत किती वेळा केला असेन, पण त्या दिवशी किर्लोस्करवाडीच्या फलाटावरची प्रत्येक मालगाडी मी वाकून पाहत होतो. वही हातात घेतली. कागद कोरडा, शाई काळी. इतक्या महिन्यांनी वाळक्या पानांचा आवाज ऐकून बरे वाटले. परंतु ती ओळ पेंडीची होती, हळदीची नव्हे. वाघीण कोरेगावला आली होती, सांगलीहून निघाली नव्हती. मी भाच्याला सांगितले, हा नंबर तुझ्या आजोबांचा आहे. यासाठी दुसरी वाघीण कर. माझी बिननंबरी राहू दे.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आणि लोकांनी विचारलं तर?”

“सांगू, वही पाण्यात गेली.”

तशी ती आता माझ्या कपाटात आहे. तांबूस रंग, उघडे दार, पिवळा उंबरा आणि अंगावर एकही अक्षर नाही. पाहणारे विचारतात, मी वहीचे सांगतो, जुन्या पेढीची माणसे पुढे काही बोलत नाहीत. सांगलीतील आणखी दोन घरांनी यानंतर आपापल्या माळ्यांवर पाहिले. एकाकडे १९५८ च्या वहीची काही पाने वाचता येण्यासारखी निघाली आहेत. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी त्या काळच्या जावक-आवक वह्या असतील, तर त्या निदान एकदा उघडून त्यांचे फोटो काढून ठेवावेत, एवढी विनंती येथे करतो; कृष्णेकाठच्या घरांनी आधी.

कोरेगावच्या वाघिणीचे काम चालू आहे. भाग ओतून झाले आहेत आणि या वेळी चारही कोपरे एका रात्रीत जुळले. रेल्वेचे नाव, नंबर, सगळे वहीप्रमाणे. मात्र त्या ओळीच्या शेवटी आजोबांनी आणखी काही लिहून ठेवले आहे, ते भाच्याने प्रथम वाचलेच नव्हते: ‘वॅगन रात्री खाली केली. हमाल ८. रॉकेल बाटली १.’ तेव्हा आता ही वाघीण रात्रीची करावी लागणार, कंदिलाचा दिवा लागणार, आणि आठ हमाल. आमच्या प्रमाणात माणूस एकोणीस-वीस मिलिमीटरचा होतो. भाच्याने पाच ओतले आहेत. त्यांची नावे वहीत नाहीत. आप्पांना मी पाचही हातात दिले, तेव्हा त्यांनी एकेकाची पाठ बोटाने तपासली आणि म्हणाले, की पेंडीचे पोते मानेवर घेतात, पाठीवर नाही. आणि डोक्याला गोणपाटाची खोळ लागते. त्यामुळे तिघे पुन्हा करायचे आहेत.